गाडीत जळक्या ऑइलचा वास: चोर्ला घाट ते उद्यमबाग

19 जानेवारी 2025, रविवार. साखळीला थोरल्या नणंदेच्या नातीचं बारसं उरकून आम्ही बेळगावला परतत होतो. गाडीत मी, मामंजी आणि माझी मुलगी. चोर्ला घाटाचा चढ संपत आला, कणकुंबी जवळ आली, तेव्हा मागच्या सीटवरून मामंजी म्हणाले, "काहीतरी करपतंय गं."

मला आधी वाटलं, बाहेरून येत असेल. काचा खाली केल्या, वास कमी झाला. काचा वर केल्या, परत आला. कणकुंबीत चहाला थांबलो तेव्हा बॉनेटच्या फटीतून तोच वास येत होता. कढईतलं तेल गॅसवर विसरून राहिलं की घरात भरतो तसा, घशाला लागणारा. धूर नव्हता, तापमानाचा काटा जागेवर होता, डॅशबोर्डवर दिवा लागलेला नव्हता. अर्धा तास थांबून सावकाश घरी आलो.

आमची गाडी 2012 सालची पेट्रोल गाडी, तेव्हा 92,000 किलोमीटर झालेली. मी खानापूरच्या एका शाळेत शिकवते. टिळकवाडीतून रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याकडे असतं. इंजिनातलं मला तेव्हा पेट्रोल, पाणी आणि ऑइल एवढंच कळत होतं. त्या वासाचं मूळ सापडून तो थांबायला जवळजवळ दोन महिने लागले. त्यातलं जेवढं आठवतंय आणि जेवढं वहीत लिहून ठेवलंय तेवढं इथे देते.

आधी एक सांगते. जळका वास म्हणजे ऑइलच असं नाही. हाफ क्लच धरून घाट चढवला की येणारा वास कागद जळल्यासारखा कोरडा असतो. रेडिएटरच्या कूलंटचा वास गोडसर. वायर जळत असेल तर प्लॅस्टिकचा उग्र वास येतो, आणि तसा आला तर गाडी तिथेच बंद करायची. ऑइलचा वास जड असतो, तो कपड्यांना धरून राहतो. त्या रात्री माझ्या साडीच्या पदराला तो येत होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर्व्हिस सेंटरला गेले. 11 जानेवारीला तिथेच सर्व्हिसिंग झालं होतं, ऑइल आणि फिल्टर बदलला होता. काउंटरवरच्या मुलाने जॉब कार्ड काढलं आणि म्हणाला, "मॅडम, फिल्टर बदलताना थोडं ऑइल बाहेर सांडतंय. ते गरम भागावर जळतंय. आठ दिवसांत जाईल." हे कारण खोटं नव्हतं. ऑइल बदलल्यावर दोन-चार दिवस असा वास येऊ शकतो. त्यांनी इंजिन पाण्याने धुऊन दिलं, 650 रुपये घेतले. मी जॉब कार्डवर "जळक्या ऑइलचा वास" अशी तक्रार लिहून घ्यायला लावली. तसं आवर्जून करा. नुसतं तोंडी सांगितलं तर कार्डवर "जनरल चेकअप" एवढंच पडतं, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

आठ दिवस गेले. वास गेला नाही, फक्त त्याच्या वेळा ठरल्या. खानापूर रस्त्याला गाडी साठच्या वेगात असली की काही नाही. पण संध्याकाळी मुलीला क्लासला सोडताना टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, की दोन मिनिटांत गाडीभर वास. मी एसी बाहेरची हवा घेण्यावर ठेवत असे. खटका आतल्या हवेवर केला की वास बंद व्हायचा, म्हणून मला वाटलं एसीतच काही बिघडलंय. तसं नव्हतं. बाहेरची हवा गाडीत येते ती पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून, आणि ती जाळी बॉनेटच्या मागच्या कडेला लागून असते. गाडी चालू असताना वारा वास घेऊन जातो, थांबली की इंजिनावरची गरम हवा सरळ त्या जाळीत शिरते. तुमच्याकडेही वास फक्त सिग्नलला नाहीतर गेटला येत असेल, तर ऑइल बहुधा इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला कुठेतरी गरम भागावर पडतंय. पण हे मला नंतर कळलं.

खटका आत करून वास दाबून ठेवणं मात्र बरं नव्हे. सायलेन्सरच्या बाजूची गळती असेल तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो, आणि त्याला वास नसतो. मामंजींना दम्याचा त्रास आहे. त्या दिवसांत मी काचा दोन बोटं खाली ठेवूनच गाडी चालवली.

1 फेब्रुवारी, शनिवार. सकाळची शाळा करून शहरातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेले. तपासणीचे 500 रुपये आधीच भरायचे होते. तासाभराने फोरमनने बोलावलं. त्याने बॉनेट उघडून बॅटरीचा उजेड टाकून बघितलं होतं, ऑइलची पट्टी बघितली होती. पट्टीवरची पातळी खाली आली होती. तो म्हणाला, "ऑइल खातेय गाडी. रिंगा गेल्यात. हाफ इंजिन खोलावं लागेल." रिंगा म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल वर येऊ न देणाऱ्या, पिस्टनभोवतीच्या कड्या. एस्टिमेट आलं 42,000 रुपये, त्यात मजुरीवर 18 टक्के जीएसटी धरलेला. गाडी सात-आठ दिवस तिथेच राहणार.

घरी आल्यावर मी बराच वेळ गप्प होते. एवढे पैसे नव्हते असं नाही, पण ते मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. नवरा फोनवर म्हणाला, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकूया. मामंजींना ते पटलं नाही. "रिंगा गेल्या तर मागून धूर दिसायला पाहिजे की," ते म्हणाले. त्यांच्या या एका वाक्याने मी थांबले. इन्शुरन्सवाल्यांनाही फोन केला. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत येत नाही असं उत्तर मिळालं. ते साधारण सगळ्याच मोटर पॉलिसींत असतं, त्यात वेळ घालवू नका.

गॅरेजने एस्टिमेट तोंडीच सांगितलं होतं. मी परत जाऊन लेखी मागितलं. दोन हेलपाटे झाले, पण मिळालं. त्यात "रिंग पिस्टन बदलणे" असं होतं, पण कॉम्प्रेशन किती आलं हा रकाना रिकामा. मला रकान्याचा अर्थ माहीत नव्हता. पण पेपर तपासून तपासून रिकामी जागा डोळ्यांना आपोआप दिसते.

शाळेतल्या शिपाईकाकांच्या ओळखीने 8 फेब्रुवारीला उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींकडे गेले. उद्यमबाग म्हणजे फाउंड्री, लेथ आणि मशीन शॉपचा भाग. तिथे एका शेडमध्ये दोन गाड्या मावतील एवढी त्यांची जागा. वय साठीच्या पुढे. मी 42,000 चा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बाई, इंजिन खोलायचं काय, कधीबी खोलता येतंय. अगोदर ऑइल जातंय कुठनं ते बघूया की."

त्यांनी तिथेच तीन गोष्टी केल्या. पहिली, थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडापाशी पांढरा कागद धरायला लावला. निळसर धूर नाही, कागदावर तेलकट ठिपके नाहीत. मग मला एक्सिलरेटर एकदम दाबून सोडायला सांगितलं. तेव्हाही निळा धूर नाही. सकाळी सुरू करतानाच तेवढा निळा धूर येत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हवरून ऑइल आत उतरू न देणारं रबर), आणि एक्सिलरेटर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगांचा संशय, असं त्यांनी सांगितलं.

दुसरी गोष्ट, चारही प्लग काढले. इथे मी अगदी जवळ उभी होते. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर आणि आट्यांवर ऑइल होतं, काळं आणि चिकट. पण ठिणगी पडते ते टोक कोरडं, फिकट तपकिरी. त्यांनी प्लग माझ्या हातात दिला. "जळणारं टोक कोरडं हाय. म्हणजे ऑइल खालनं नाही, वरनं आलंय." ऑइल सिलिंडरमधून आलं असतं तर टोक काळं आणि ओलं असतं.

तिसरी गोष्ट, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हाचा दाब. प्लगच्या भोकात गेज लावून स्टार्टर फिरवायचा. चारही आकडे 170 ते 178 पीएसआयच्या आत आले. आकडा मोठा असण्याइतकंच चारही एकमेकांजवळ असणं महत्त्वाचं असतं. एखादा बराच खाली आला असता तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजतात. ऑइलने आकडा वर चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. आमच्या गाडीवर ती वेळ आली नाही. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि मिस्त्रींनी 300 रुपये घेतले. इंजिन खोलायला सांगणाऱ्या कुणालाही आधी कॉम्प्रेशनचे आकडे विचारा, आणि ते कागदावर घ्या.

वास कुठून येतो ते मात्र त्या दिवशी सापडलं नाही. इंजिनाच्या वरच्या झाकणाभोवती, ज्याला मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात, सगळीकडे काळा चिकट थर होता. सर्व्हिस सेंटरमध्ये धुतल्यावर पाणी वरवरून गेलं होतं, आणि जुनं ऑइल कोणतं, नवं कोणतं ते ओळखू येत नव्हतं. त्यांनी थंड इंजिनावर रॉकेलचा ब्रश फिरवून सगळा थर काढला, फडक्याने पुसला, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि सुकेपर्यंत गाडी चालू करू दिली नाही. पेट्रोलने मात्र कधीच पुसायचं नाही हे दोनदा बजावलं. मग विचारलं, "शाळेत खडू असतील की बाई?"

माझ्या पर्समध्ये दोन होते. त्यांनी ते कानशीवर घासून पूड केली आणि झाकणाच्या कडेने, फिल्टरच्या वर, ऑइल भरायच्या टोपणाखाली हलक्या हाताने लावली. बेल्टपासून दूर, पातळ थर. "चार-पाच दिवस चालवा. धुऊ नका. मग या." कारखान्यांत महागडं रंगीत द्रव्य ऑइलमध्ये टाकून निळ्या दिव्याखाली गळती शोधतात. इथे दोन खडूंत काम भागलं.

ते दिवस मला लांब वाटले. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून बघायची, हात लावायचा नाही. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवायचा आणि सकाळी ठिपका कुठे पडलाय ते बघायचं. आमच्या पुठ्ठ्यावर काहीच पडलं नाही, कारण ऑइल जमिनीपर्यंत पोचायच्या आत जळून जात होतं. म्हणून पुठ्ठा कोरडा आहे याचा अर्थ गळती नाही असा धरू नका. शिवाय दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी असताना आणि सुरू करायच्या आधी, पट्टी पुसून पातळी बघायची आणि वहीत लिहायची. सर्व्हिसिंगला ऑइल वरच्या खुणेवर होतं. महिन्याभरात दोन खुणांमधल्या अंतराचा पाव भाग खाली आलं होतं.

चौथ्या दिवशी ते दिसलं. झाकणाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या पुडीतून एक तपकिरी रेघ खाली उतरली होती. शेवयीएवढी बारीक. ती जिथे संपत होती तिथे खाली सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा, पत्रा होता, आणि पत्र्यावर करपलेल्या दुधासारखा काळा डाग. मी फोटो काढून मिस्त्रींना दाखवला. त्यांनी मान हलवली. "झाकणाचं पॅकिंग. रबर कडक झालंय." पॅकिंग म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्या मधली रबरी पट्टी.

हे लहान काम वाटतं, पण सोडून द्यायचं नाही. इंजिन ऑइल 200 अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं, आणि घाट चढताना मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी तापतो. थेंब-थेंब असताना वास येतो. गळती वाढली तर आग लागू शकते. मिस्त्रींनी मला पॅकिंग बदलेपर्यंत घाटात न जाण्याची सूचना दिली, ती मी पाळली.

आता पॅकिंग मिळायला हवं होतं. फोर्ट रोडवरच्या दुकानात नकली 180 रुपयांना लगेच मिळत होतं. मिस्त्रींनी ते बोटांत पिळून बघितलं आणि परत ठेवायला सांगितलं. कंपनीचं पॅकिंग, प्लगच्या नळ्यांच्या सीलसकट, 780 रुपये. ते बेळगावात नव्हतं. कोल्हापूरच्या एका दुकानात सापडलं. 21 तारखेला पैसे पाठवले, दुकानदार दुसऱ्या दिवशी एसटीने पार्सल लावणार होता. आणि नेमक्या 22 फेब्रुवारीपासून भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवर थांबल्या. सीमाभागात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. औषध असो, लग्नपत्रिका असो, बस थांबली की सगळंच थांबतं. पण माझ्यासारख्या रोज दोन्ही भाषांत जगणाऱ्या माणसाला ते प्रत्येक वेळी लागतं. शेवटी महिनाअखेरीस नवरा पुण्याहून येताना कोल्हापुरात उतरला आणि पॅकिंग बॅगेत घालून घेऊन आला.

1 मार्च, शनिवार. दुपारी दोनला काम सुरू झालं. शेडमधला कन्नड बोलणारा मुलगा दर पाच मिनिटांनी मला म्हणायचा, "स्वल्प निल्री अक्का", थोडं थांबा. झाकण उघडल्यावर मिस्त्रींनी जुनं पॅकिंग माझ्या हातात दिलं. रबर म्हणजे वाकायला हवं. ते वाकवताच वाळक्या शेंगेसारखं कटकन मोडलं. प्लगच्या नळीचं सीलही तसंच. तिसऱ्या प्लगवर ऑइल का होतं ते तेव्हा नीट कळलं.

मग त्यांनी एक छोटा व्हॉल्व्ह काढला, अंगठ्याएवढा, आणि कानाशी धरून हलवला. आवाज आला नाही. नवा हलवला, तो खुळखुळ्यासारखा वाजला. हा पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात जमणारा गॅस तो परत जळायला पाठवतो. आमचा काजळीने चिकटून बसला होता, त्यामुळे आतला दाब वाढत होता आणि ऑइल जिथे फट मिळेल तिथून बाहेर ढकललं जात होतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर ते पुन्हा लवकर गळायला लागलं असतं. व्हॉल्व्हचे 340 रुपये. तुम्ही पॅकिंग बदलाल तेव्हा हा व्हॉल्व्ह हलवून दाखवा म्हणा. एका मिनिटाचं काम आहे.

बाकीच्यात मी लक्ष देऊन बघितलं ते एवढंच: जुन्या सिलिकॉनचा कण न् कण खरवडून काढला, नवं सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत लावलं, बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) 10 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले. जोर लावून आवळलं तर पॅकिंग दबून फाटतं. सिलिकॉन सुकायला गाडी रात्रभर शेडमध्येच ठेवली. मजुरी 900, सिलिकॉन 220, वरून भरलेलं ऑइल 250.

2 मार्चला गाडी घरी आणली, आणि संध्याकाळी दुसऱ्या गेटला पुन्हा तोच वास. त्या क्षणी मला खरंच रडू आलं. मुलगी म्हणाली, "आई, काच खाली कर." मिस्त्रींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, पत्र्याच्या मागे जुनं ऑइल आहे, तिथे ब्रश जात नाही, ते जळून जायला पाहिजे. मी विचारलं, हे सर्व्हिस सेंटरनेही सांगितलं होतं, मग फरक काय? "फरक खडूचा," ते म्हणाले. "पूड परत लावलीय. रेघ आली तर मी चुकलो." रेघ आली नाही. वास रोज थोडा कमी होत गेला, 8 तारखेनंतर मला आला नाही. मामंजींना अजून दोन दिवस येत होता.

एक सरकारी काम राहिलं होतं. गाडीच्या एमिशन टेस्टची मुदत 10 मार्चला संपत होती, आणि आमच्या बीएस 3 (प्रदूषणाच्या जुन्या निकषाच्या) गाडीला ती दर सहा महिन्यांनी लागते. मी मुद्दाम वास जाईपर्यंत थांबले होते. आरसी आणि आधीचं प्रमाणपत्र घेऊन गेले, दहा मिनिटं इंजिन गरम होऊ दिलं, मग नळी लावली. कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्के आला, मर्यादा 0.5 आहे. मुदत संपली आणि पोलिसांनी अडवलं तर दंड होतो, म्हणून गाडी गॅरेजला देताना ही तारीख एकदा बघून ठेवा.

सगळा हिशेब धरला तर धुणं आणि तपासण्यांसकट 3,940 रुपये झाले, एमिशन टेस्टचे वेगळे. सर्व्हिस सेंटरला मी जॉब कार्डची प्रत दाखवून कळवलं की वास सांडलेल्या ऑइलचा नव्हता. त्यांनी नोंद करून घेतली. 42,000 चा कागद अजून वहीत आहे. त्यावर मी कॉम्प्रेशनचे चार आकडे रिकाम्या रकान्यात लिहून ठेवलेत.

30 मार्चला गुढीपाडवा होता. सकाळी गुढी उभारून आम्ही नणंदेकडे साखळीला गेलो. परतीला घाट चढून कणकुंबीत त्याच हॉटेलापाशी थांबलो. इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मग मी बॉनेट उघडलं. मामंजी काठी टेकत आले आणि झाकणाच्या त्या मागच्या कोपऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं. बोटाला घाटातली लाल धूळ लागली होती, कोरडी.